एकच न्यायालय, एकच वर्ष, दोन निकाल: अभिव्यक्तिस्वातंत्र्य मोजायचे कोणत्या मापाने?

तळटीप

२०१५ सालचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचले की मला काही केल्या मेळ लागत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द केले. त्या याचिकेला निमित्त आपल्या राज्यातले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि तो मजकूर आवडल्याचे कळवल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली होती. न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे आणि बोलणे तिसऱ्या पायरीवर पोहोचले तरच राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मधले निर्बंध लागू होतात, असे त्या निकालाचे सार आहे.

त्यानंतर दोन महिने उलटायच्या आत, १४ मे २०१५ रोजी, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठापुढे वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा निकाल लागला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात ती १९९४ मध्ये छापली गेली होती. प्रकाशकाने आधीच बिनशर्त माफी मागितली असल्याने त्याची सुटका झाली, पण कवीने अश्लीलतेच्या खटल्याला सामोरे जावे, असे ठरले. इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी तशी भाषा घातली असेल, तर समकालीन समाजाच्या मापदंडाची कसोटी अधिक कडक होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्या कवितेने कोणाला चिथावले, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

राज्यघटना तीच आणि अनुच्छेदही तोच असताना, न्यायालय नेमके कोणत्या मापाने मोजते, हे जाणकारांनी सांगावे.

सदू_सरळमार्गी

मापे ठरलेली असती तर वकिलांनी काय करायचे?

विदिशा

सदूभाऊ, वकिलांचे बरे चालले आहे, काळजी नसावी. :)

तळटीप, पहिली गोष्ट अशी की या दोन प्रकरणांत न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा होता. मार्चमध्ये कायदाच घटनाबाह्य आहे का हे पाहायचे होते, तर मे महिन्यात कायदा वैध धरून एका मजकुरावर दोषारोप ठेवण्याइतपत सामग्री आहे का एवढेच पाहायचे होते. मात्र तुमचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, हे मलाही मान्य आहे.

अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधांची आठ कारणे आहेत: सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राज्यांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधास चिथावणी. ही यादी बंद आहे, तिच्यात नववे कारण न्यायालयालाही घालता येत नाही, हे कौशल किशोर प्रकरणात जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने पुन्हा स्पष्ट केले. पण या आठांना न्यायालय एकाच काट्यावर तोलत नाही, आणि मला वाटते की तुम्हाला दिसलेली विसंगती तिथे आहे.

सुव्यवस्थेचेच घ्या. १९५०च्या मूळ मसुद्यात ते कारण नव्हतेच. मद्रास सरकारने 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला राज्यात येण्यास बंदी केली, ती रमेश थापर प्रकरणात २६ मे १९५० रोजी टिकली नाही. राज्य उलथवण्याइतका धोका नसेल, तर नुसत्या सुव्यवस्थेसाठी तोंड बंद करता येणार नाही, असे बहुमताने ठरले. 'ऑर्गनायझर'वरची पूर्वतपासणीही त्याच दिवशी रद्द झाली. (एक पत्र डाव्यांचे आणि एक उजव्यांचे, आणि दोघांना दिलासा एकाच दिवशी मिळाला, हे मला नेहमी विशेष वाटते.) त्यावर उपाय म्हणून १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती आली. तिने सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण घातले, पण त्याच वेळी 'वाजवी' हा शब्दही घातला आणि निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांच्या हाती आला.

तो अधिकार त्यांनी वापरला. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५४ मध्ये शेतकऱ्यांना वाढीव पाणीपट्टी भरू नका असे सांगितले, म्हणून त्यांना उत्तर प्रदेशातल्या १९३२ सालच्या एका कायद्याखाली पकडले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की बोलणे आणि सुव्यवस्था बिघडणे यांचा संबंध निकटचा हवा, ओढूनताणून जोडलेला चालणार नाही. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह प्रकरणात राजद्रोहाचे कलम वाचले, पण तेही हिंसेची चिथावणी किंवा अव्यवस्था माजवण्याची प्रवृत्ती एवढ्यापुरते आकसून. श्रेया सिंघल हा निकाल याच वाटेवर पुढे गेलेला आहे.

सभ्यता, अब्रू आणि अवमान या तिघांच्या बाबतीत मात्र 'अपाय नेमका कोणता आणि तो किती जवळ आहे' हा प्रश्न न्यायालय इतक्या आग्रहाने विचारत नाही. मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फौजदारी अब्रुनुकसानी वैध ठरली, तेव्हा प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे असे धरून तोल साधला गेला. दोन मूलभूत हक्क समोरासमोर आणले की निकटतेची कसोटी आपोआप मागे पडते.

जुना_कंपोझिटर

विदिशाताईंच्या यादीत एक निकाल घालतो, कारण तो पुण्यातल्या वर्तमानपत्राचा आहे आणि आपल्याच लोकांना त्याची आठवण राहिलेली नाही.

१९५६च्या कायद्याखाली केंद्र सरकारने १९६० मध्ये एक आदेश काढला, त्यानुसार वर्तमानपत्राची किंमत आणि पानांची संख्या यांची सांगड सरकार घालणार होते. मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये, असा हेतू सांगितला गेला. 'सकाळ' तेव्हा आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत असे आणि रोजच्या अंकाची किंमत ७ नवे पैसे होती. आदेश पाळायचा तर एकतर किंमत वाढवायची किंवा पाने २४ वर आणायची. ३४ ची २४ झाली म्हणजे काय होते, ते ज्याने खिळे जुळवले आहेत त्याला विचारा. जाहिराती पोटापाण्याच्या असल्याने त्या शेवटपर्यंत हलत नाहीत, आणि पहिला बळी तालुक्याच्या बातमीचा जातो, मग वाचकांच्या पत्रांचा, मग अग्रलेखाखालच्या स्फुटाचा. संपादकाला कोणीही 'हे छापू नका' असे सांगितलेले नसते, तरी ते छापले जात नाही.

१९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. निकालपत्र न्या. मुधोळकरांचे होते. किती मजकूर द्यायचा आणि तो किती लोकांपर्यंत न्यायचा, हे दोन्ही स्वातंत्र्यातच येते, असे त्यांनी ठरवले. शिवाय धंद्याच्या स्वातंत्र्यावर सर्वसाधारण जनहितासाठी बंधन घालता येते, पण ते कारण १९(२) मध्ये नसल्याने अभिव्यक्तीवर त्या नावाखाली बंधन घालता येत नाही, हा मुद्दाही तिथेच ठसठशीतपणे आला. पुढे १९७२ मध्ये बेनेट कोलमन प्रकरणात कागदाच्या कोट्यावरून दहा पानांची मर्यादा घातली होती, तीही याच मार्गाने गेली. सरकारचा हेतू काय होता यापेक्षा हक्कावर थेट परिणाम काय झाला, हे पाहायचे असे ठरले. माझ्या मते श्रेया सिंघलपेक्षा हा पाया अधिक भक्कम आहे, कारण इथे कोणाचे मन दुखावण्याचा संबंधच नव्हता.

निवृत्त_ठाणेदार

वरचे सर्व वाचले. निकाल वातानुकूलित दालनात दोन वर्षांनी लिहिला जातो आणि निर्णय आम्हाला रात्री साडेअकराला घ्यावा लागतो, एवढीच नोंद करतो. बाहेर चारशे लोक जमलेले आहेत, एका मोबाइलवरचा मजकूर सगळ्यांच्या हातात फिरतो आहे आणि ज्याने तो लिहिला त्याचे घर तिसऱ्या गल्लीत आहे. अशा वेळी मी त्याला ठाण्यात आणून बसवले, तर ते त्याच्या अभिव्यक्तीवर आक्रमण की त्याच्या जिवाचे रक्षण? 'निकटचा संबंध' मोजायला तिथे कोणाला सवड नसते. न्यायालयांनी घातलेल्या कसोट्या योग्य असतीलही, पण त्या वापरायच्या कोणी आणि किती मिनिटांत, याचा विचार त्यात दिसत नाही.

विदिशा

ठाणेदारसाहेब, तुमची अडचण खोटी नाही, पण तिच्यावर न्यायालयाने उत्तर दिलेले आहे. १९८९ च्या रंगराजन प्रकरणात आरक्षणाच्या धोरणावर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचे प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केले होते. दाखवला तर राज्यात गोंधळ होईल, असे तमिळनाडू सरकारचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदर्शने, मोर्चे किंवा हिंसेच्या धमक्या आहेत म्हणून अभिव्यक्ती दाबणे म्हणजे कायद्याच्या राज्याचा त्याग करून धमकावणाऱ्यांना शरण जाणे होय. धोका दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका जवळचा असेल, तरच हस्तक्षेप करता येतो. जमाव हाताळणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आम्हाला जमत नाही ही सबब चालत नाही.

त्या माणसाला सुरक्षिततेसाठी ठाण्यात आणणे आणि त्याच्यावर गुन्हा नोंदवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट तुम्ही केलीत तर कोणीही नाव ठेवणार नाही. अडचण अशी आहे की जमावाला घरी पाठवण्यासाठी दुसरी केली जाते.

निवृत्त_ठाणेदार

केली जाते, हे खरे आहे. चारशेजणांना परत पाठवण्याचा तेवढाच एक कागद हाताशी असतो.

अरण्यक

अमेरिकेत ही भानगडच नाही. तिथल्या पहिल्या घटनादुरुस्तीत निर्बंधांची यादीच दिलेली नाही.

विदिशा

यादी नाही, म्हणून न्यायाधीशांनी ती तयार केली. त्याच मजकुराच्या आधारावर १९१९ मध्ये शेंक प्रकरणात सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्याची शिक्षा कायम झाली, आणि १९६९ मध्ये ब्रँडेनबर्ग प्रकरणात तात्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याचा हेतू आणि तसे घडण्याचा संभव, दोन्ही असल्याखेरीज शिक्षा नाही, असे ठरले. घटनेचा एक शब्दही मध्ये बदलला नव्हता. सार्वजनिक व्यक्तींच्या अब्रुनुकसानीबाबत मात्र ते १९६४ पासून आपल्या फार पुढे आहेत. तिथे मजकूर खोटा होता आणि तो जाणूनबुजून किंवा खरेखोटे न पाहता छापला, हे फिर्यादी पुढाऱ्याला सिद्ध करावे लागते. आपल्या फौजदारी कायद्यात आरोपीने नुसते सत्य दाखवूनही भागत नाही, ते सत्य लोकहितासाठी सांगितले हेही त्यालाच दाखवावे लागते.

केतकी

मी हौशी नाटके बसवते, म्हणून एक निराळी बाजू मांडते. आतापर्यंतची सगळी चर्चा बोलून झाल्यानंतरच्या शिक्षेबद्दल आहे. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते आणि प्रमाणपत्र हाती आल्यावर प्रयोग होतो. कादंबरीला हे नाही, वर्तमानपत्राला नाही, पण तेच वाक्य रंगमंचावर उच्चारायचे तर आधी परवानगी हवी.

एका एकांकिकेची संहिता आम्हाला परत आली तेव्हा दोन संवादांभोवती पेन्सिलीने चौकट होती आणि समासात 'गाळावे' एवढाच शेरा होता. कारण दिलेले नव्हते. त्यातला एक संवाद शिवीचा होता, तो समजू शकते, पण दुसऱ्यात एक पात्र फक्त 'साहेबांना वेळ नसतो' असे म्हणते. कोणते साहेब, ते संहितेत कुठेही नव्हते. स्पर्धा तोंडावर आलेली असल्याने आम्ही दोन्ही गाळले. न्यायालयात कोण जाणार होते? या पद्धतीला अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा मला फार बरे वाटले होते.

चित्रपटांच्या पूर्वतपासणीला १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास प्रकरणात मान्यता मिळाली, ती चित्रपटाचा प्रेक्षकाच्या भावनांवर अधिक खोल परिणाम होतो या कारणाने. त्या वेळी घरात पडदा नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्यावर काहीही दिसते. चाळीस प्रेक्षकांच्या एकांकिकेला मात्र प्रमाणपत्र लागते.

सदू_सरळमार्गी

चाळीस प्रेक्षक म्हणजे एकांकिका गाजली म्हणायची. आणि ते साहेब कोण हे मंडळाला बरोबर कळले, यातच काय ते आले.

नामा_निराळा

मला विदिशाताईंची मांडणी पटते, पण तिच्यामुळे असे वाटते की सगळे काही कसोट्यांवर ठरते. पीठ कोणते बसले आहे, हाही भाग लहान नाही. समाजमाध्यमांवरची सरकारविषयक माहिती खरी की खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचे, असा नियम २०२३ मध्ये आला. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी तो घटनाबाह्य ठरवला आणि त्याच पीठावरच्या न्या. नीला गोखले यांनी वैध. तिसरे न्यायाधीश न्या. चांदूरकर यांचे मत सप्टेंबर २०२४ मध्ये आले, तेव्हा नियम गेला. एकाच दालनात, तेच युक्तिवाद ऐकून दोघे दोन टोकांना पोहोचले.

दुसरे असे की निकाल जिंकण्याला किती अर्थ उरतो? चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली आणि त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली ती १९६९ मध्ये, म्हणजे मधे सात दिवाळ्या होऊन गेल्या. गुर्जरांच्या कवितेबाबत तर छपाईपासून २१ वर्षांनी ठरले ते एवढेच, की खटला चालावा. आणि कलम ६६अ रद्द झाल्यावरही कित्येक ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जातच होते. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आश्चर्य व्यक्त केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये असे खटले बंद करण्याचे निर्देश पुन्हा द्यावे लागले.

जुना_कंपोझिटर

नामा यांच्या निराशेवर उतारा म्हणून एक उदाहरण. आणीबाणीत अनुच्छेद १९ निलंबित होता, तरी 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला तेव्हा मिनू मसानी उच्च न्यायालयात गेले. १९७६ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. मादन यांच्या खंडपीठाने सांगितले की सेन्सॉरलाही आदेशाच्या चौकटीबाहेर जाता येत नाही, आणि सगळ्या पत्रांची शिडे एकाच वाऱ्याला लावणे हे त्याचे काम नव्हे. मूलभूत हक्क हाताशी नसताना, केवळ प्रशासकीय अधिकाराच्या मर्यादा दाखवून हे साधले. पीठ महत्त्वाचे असतेच, पण ते दोन्ही बाजूंनी.

अरण्यक

अवमानाबद्दल कोणीच बोललेले नाही. ज्याच्यावर टीका झाली तोच न्यायाधीश, ही व्यवस्था दुसऱ्या कोणत्या निर्बंधात आहे?

विदिशा

म्हणूनच वर त्याला सुव्यवस्थेपासून वेगळे काढले. सत्य हा बचाव अवमानाच्या कायद्यात थेट आला तोच मुळी २००६ च्या दुरुस्तीने, आणि तोही लोकहिताच्या अटीसह. केरळचे कम्युनिस्ट नेते नंबुद्रीपाद यांना १९७० मध्ये दोषी कायम ठेवून दंड एक हजारावरून ५० रुपये केला गेला, आणि २०२० मध्ये प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटबद्दल १ रुपया दंड झाला.

सदू_सरळमार्गी

पन्नास वर्षांत ५० रुपयांवरून १ रुपया! देशात स्वस्त झालेली एवढी एकच वस्तू माझ्या पाहण्यात आहे.

तळटीप

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. विदिशाताईंच्या मांडणीनुसार सुव्यवस्थेच्या बाबतीत 'अपाय दाखवा' असा आग्रह आहे आणि सभ्यतेच्या बाबतीत तो नाही. मग सभ्यतेच्या बाजूला कसोटी म्हणून उरते काय? २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात जुनी हिकलिन कसोटी (मजकुराने सहज बिघडतील अशा मनांवर काय परिणाम होईल ते पाहणारी) सोडून समकालीन समाजाचा मापदंड स्वीकारला, हे वाचले आहे. पण पुढच्याच वर्षी त्या मापदंडात 'आदरणीय व्यक्तीं'साठी निराळी पातळी निघाली. हा समाज म्हणजे कोण, हे न्यायाधीश ठरवतात कसे?

केतकी

मला तर वाटते की ते स्वतःच्या घरातल्या दिवाणखान्यावरून ठरवतात.

विदिशा

केतकी, थोडेसे तसे आहे, पण त्यावरही एक जुना तोडगा आहे आणि तो नागपूरचा आहे. न्या. व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयात असताना लिहिले होते की शब्दांचा परिणाम जोखताना समंजस, खंबीर आणि धीट माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा दुबळा माणूस नव्हे. १९८५ मध्ये समरेश बसूंच्या बंगाली कादंबरीच्या प्रकरणात (ती पूजा अंकात आली होती, तेव्हा दिवाळी अंकवाल्यांनी एकटे समजू नये) न्यायालयाने म्हटले की न्यायाधीशाने आधी लेखकाच्या जागी जावे, मग सर्व वयोगटांतल्या वाचकांच्या जागी, आणि त्यानंतर निर्णय द्यावा. २०१५ च्या कविता प्रकरणात माझ्या मते हेच पुरेसे झाले नाही. कवितेतल्या गांधींच्या तोंडी ती भाषा का आहे, हा प्रश्न व्यक्तीच्या आदराखाली झाकला गेला. आदरणीय व्यक्तींचा मान हे कारण १९(२) च्या आठांत नाही, ते सभ्यतेच्या दाराने आत आले. 'सकाळ' प्रकरणात सर्वसाधारण जनहिताला असे मागल्या दाराने येऊ दिले नव्हते.

बोस यांची कसोटी मात्र जिवंत आहे. २८ मार्च २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरून जामनगरमध्ये नोंदवलेला गुन्हा रद्द केला, तेव्हा याच धीट माणसाचा दाखला दिला. ठाणेदारसाहेबांसाठी त्यात कामाची गोष्ट आहे: तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असा आरोप केवळ बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांवर उभा असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करणेच उचित, असे पीठाने सांगितले.

निवृत्त_ठाणेदार

हे आमच्या वेळी असते तर बरे झाले असते. उपअधीक्षकांची परवानगी लागते, म्हणजे जमावाला सांगायलाही काही असते: चौकशी सुरू झाली आहे, चौदा दिवसांनी या. चौदा दिवसांनी चारशेतले सहाजण येतात.

नामा_निराळा

आणि न्याय संहितेच्या कलम १५२ चे काय? राजद्रोहाच्या जुन्या कलमाला मे २०२२ मध्ये स्थगिती मिळाली, जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात सार्वभौमता, एकता व अखंडता धोक्यात आणणारे कृत्य म्हणून शब्दांनाही जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तिथे चौदा दिवसांची ही सोय लागू होत नाही.

विदिशा

नाही होत, कारण शिक्षा सात वर्षांहून जास्त आहे. त्या कलमात केदारनाथची चिथावणीची अट वाचायची की नाही, एवढ्यावर आता सगळे अवलंबून आहे. वेगळा धागा काढा, इथे आधीच बरेच झाले.